अंतराळातली गौळण

टिपणिसांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मराठी माणसाने अंतराळावर संगीत सिनेमा काढला आहे असा माझा प्रामाणिक समज झाला होता.

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला राहायला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. "शनिवारी या, सिनेमा बघू, बुवा ऐकू," एवढंच टिपणिसांनी फोनवर सांगितलं होतं. मी दोनदा चुकीच्या एक्झिटला उतरलो, त्यामुळे आम्ही चांगलेच उशिरा पोचलो. नलिनीवहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवून आम्हाला थेट बेसमेंटमध्ये नेलं. तिथे अंधार. टीव्हीवर एक लांबुळकं, भरताच्या वांग्यासारखं यान संथपणे चाललेलं, आत हेल्मेटं घातलेली माणसं इकडून तिकडे तरंगत होती, आणि खोलीभर पेटीच्या साथीवर एक भरदार मराठी आवाज घुमत होता. हेल्मेटांमुळे नेमकं कोण गातंय ते कळत नव्हतं. शिवाय चष्मा मी गाडीतच विसरलो होतो. शैलाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कानाशी लागून मी म्हटलं, की आपल्या लोकांनी खर्च मात्र सढळ हाताने केलाय. तिने मला चिमटा काढला. तिला पटलं असं मी समजलो.

दिवे लागल्यावर टिपणिसांनी विचारलं, "काय दातार, कसं वाटलं?" खाल्ल्या वड्यांना जागून मी सविस्तर सांगितलं. कपडेपट उत्तम होता. गाणी जुन्या वळणाची असली तरी प्रसंगाला धरून होती. आणि निर्माते कोण, कोल्हापूरचे का?

शैला छताकडे बघत होती. मग टिपणीस उठले, माझ्याजवळ आले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "दातार, ज्याला जोड दिसला नाही असा तुम्ही पहिला माणूस."

सिनेमा शुद्ध अमेरिकन होता. टिपणिसांनी त्याचा आवाज पार बंद केला होता आणि शेजारच्या टेपरेकॉर्डरवर बुवांची कॅसेट लावली होती. कुठल्या प्रसंगाला कुठलं पद हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. बुवांचं नाव सांगून उपयोग नाही, ते सांगली-मिरजेच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. नाट्यपदं, अभंग, गौळणी असं सगळं गायचे. टिपणीस मूळचे सांगलीचे. विमानात बसताना त्यांनी लोणच्याच्या बरणीला जागा उरली नाही तरी बुवांना जागा केली होती, असं वहिनी सांगत.

टिपणीस डेट्रॉइटच्या एका मोठ्या मोटार कंपनीत होते आणि त्यांचं काम आवाजाचं होतं. नव्या गाडीत बसायचं, कुठे काय खडखडतं, गुणगुणतं, थरथरतं ते हुडकायचं आणि ते बंद करायचं. माझं स्वतःचं उभं आयुष्य गाडीच्या दाराच्या हँडलात गेलं आहे, त्यामुळे आमची ओळख व्यवसायबंधू म्हणून झाली. पहिल्याच आठवड्यात "तुमचं हँडल कुरकुरतं" असं सांगून त्यांनी ती पक्की केली.

हा माणूस कानाने बघायचा. त्यांना लिफ्ट दिली की ते डोळे मिटून बसत. आपल्याला वाटे दमलेत बिचारे. जरा वेळाने डोळे न उघडता म्हणत, "मागचं, डावीकडचं." ते नेहमी मागचं आणि डावीकडचंच असे, आणि ते दुरुस्त करून घेईपर्यंत आपल्यालाही ऐकू यायला लागे. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा ऐन कथेत त्यांनी हात वर केला. गुरुजी थांबले. टिपणीस बेसमेंटमध्ये गेले, खाली काहीतरी ठोकल्याचा आवाज आला, मग ते वर येऊन मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हं, चालू द्या." घर तापवायच्या भट्टीचा पत्रा थरथरत होता म्हणे. गुरुजींनी साधुवाण्याची बोट परत पहिल्यापासून पाण्यात सोडली.

असा माणूस सिनेमाचा मूळ आवाज ठेवेल कसा?

"दातार, पुढचं नीट बघा," असं म्हणून ते समजावून देत, आणि त्यांच्या बोलण्यात शंकेला जागा नसे. ते अगडबंब यान पडद्यावर पुरतं यायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ बुवांच्या नांदीला लागतो. काचेच्या पेट्यांत झोपवून ठेवलेली माणसं जागी होतात तिथे भूपाळी. इंजिन चालेनासं होतं आणि चौघंजण त्याच्या विनवण्या करतात, तिथे सत्यभामेच्या रुसव्याचं पद. दोन यानं हळूहळू एकमेकांना येऊन चिकटतात तिथे बुवांचं एक शृंगारिक पद होतं, आणि नेमक्या त्याच वेळी नलिनीवहिनींना चहाचं आधण आठवे.

सगळ्यात वर होती गौळण. एक अष्टपाद, लिबलिबीत, हिरवा राक्षस यानाच्या कोठारात शिरतो आणि माणसांचं सगळं खाणं फस्त करून पसार होतो. अमेरिकन माणसं तिथे किंचाळत असतील. आमच्या बेसमेंटमध्ये तिथे मृदंगावर थाप पडे आणि बुवा यशोदेकडे लोणीचोराची तक्रार मांडत. राक्षस एकेक पाय टाकत मागे वळून बघे, तो अगदी समेवर. "जुळतंय ना?" टिपणीस विचारत, आणि आपण तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगत, "जुळणारच." त्यांचा अमेरिकन साहेब एकदा हे बघून गेला. मूळ आवाजातला सिनेमा आता आपल्याला बघवत नाही, अशी त्याने पुढे तक्रार केली.

दोन्ही यंत्रं एका क्षणी सुरू व्हावी लागत. व्हीसीआरवर उजव्या हाताचं बोट, टेपरेकॉर्डरवर डाव्या हाताचं, आणि "एक, दोन, सा" म्हणून दोन्ही बटणं एकदम. कडाक्याच्या थंडीत कॅसेट आळसावे. मग "बुवा आज मागे पडतायत" असं म्हणून ते सिनेमाला क्षणभर थांबवून धरत. बुवांना घाई करायची त्यांची छाती नव्हती.

एवढं सगळं असून त्या सिनेमाचा शेवट मात्र मी त्या बेसमेंटमध्ये कधी पाहिला नाही. शेवटाच्या जरा आधी टिपणीस टेप बंद करत आणि म्हणत, पुढे काही विशेष नाही.

या सगळ्यामागे काय होतं, ते आम्हाला नलिनीवहिनींनी सांगितलं. सांगितलं म्हणजे शैलाला फोनवर सांगितलं, आणि मी दुसऱ्या फोनवर चुकून होतो.

सिनेमाची टेप त्यांच्या मुलीची, मेधाची. हायस्कूलभर तिने त्या एका सिनेमाची पारायणं केली होती. बेसमेंटमधून स्फोटांचे आवाज येत आणि टिपणीस जिन्याच्या तोंडाशी उभे राहून "व्हॉल्यूम" एवढा एकच शब्द ओरडत. पोरीला सगळे संवाद पाठ. पोळी खातानासुद्धा कॅप्टनच्या आवाजात मीठ मागायची. मग ती कॉलेजात गेली, एक वर्ष इंजिनिअरिंग केलं, आणि घरी न विचारता ते सोडून सिनेमा शिकायला लागली. सिनेमा हा शनिवारी बघायचा असतो, शिकायचा नसतो, असं टिपणीस म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. तीही म्हणाली. ती टिपणिसांचीच मुलगी असल्यामुळे दोघांच्याही बोलण्यात शंकेला जागा नव्हती.

तेव्हापासून ती घरी आली नव्हती. फोन दर रविवारी यायचा. टिपणिसांनी उचलला तर ते म्हणत, "थांब, आईला देतो." वर्षभरात बाप-लेकीत एवढं एकच वाक्य झालं होतं.

टेप व्हीसीआरमध्येच राहून गेली होती. एका शनिवारी टिपणिसांनी ती लावली आणि लगेच आवाज बंद केला. वहिनींना वाटलं, रागाने केला. तर म्हणाले, "हे सगळं ती बोलायची गं. ती नसताना ऐकवत नाही." आणि मग ती मुकी चित्रं बघत बसवेना, म्हणून त्यांनी बुवांना बोलावलं.

हे ऐकल्यावर मला फोन ठेवून द्यायला हवा होता. मी नाक शिंकरलं आणि पकडला गेलो.

पुढच्या वर्षी मंडळाच्या गणपतीचे कार्यक्रम ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण कामं वाटून घ्यायच्या मीटिंगला मी गेलो नव्हतो. टिपणीस घरी आले. गाडीच्या दाराबद्दल काही बोलले नाहीत, तेव्हाच मला काळजी वाटायला लागली. त्यांना अर्धा तास हवा होता. सिनेमातले निवडक प्रसंग, बुवांची गाणी, आणि सिनेमाचा शेवट.

मी म्हटलं, समितीला विचारतो. बैठक आमच्याच घरी झाली, तिला टिपणीसही आले, आणि समितीत खळबळ उडाली. मुलांचे नाच, महिलांचं मंगळागौरीचं, आणि अध्यक्षांनी स्वतः लिहिलेली एकांकिका यांतून अर्धा तास काढणं म्हणजे अध्यक्षांच्याच अंगावरचा सदरा काढण्यासारखं होतं. शेवटी अध्यक्षांनी धर्माचा मुद्दा काढला. गणपतीसमोर राक्षस शोभेल का? टिपणीस शांतपणे म्हणाले, "पुराणं वाचा. गणपतीला राक्षस नवीन आहेत का?" एकांकिकेतला एक प्रवेश गेला, आणि ती पुष्कळ सुधारली.

जाताना दाराशी बूट घालताना त्यांनी खाली बघतच सांगितलं, "मेधाला नलिनीने कळवलंय. येते म्हणालेली नाही. बघते म्हणाली."

मी म्हटलं, येईल हो.

"शेवट अजून जुळलेला नाही," ते म्हणाले. टिपणिसांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात, शनिवारी दुपारी. शाळेने चाकांच्या स्टँडवरचे दोन मोठे टीव्ही दिले होते. गणपतीच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरा. टिपणीस जरीकाठी उपरणं घेऊन यंत्रांमागे बसले होते. त्यांची नजर यंत्रांवर कमी आणि मागच्या दारावर जास्त होती. आदल्या प्रयोगांत मी कधी पाहिला नव्हता असा एक घामाचा थेंब त्यांच्या कपाळावर होता.

"एक, दोन, सा."

नांदीला कुजबुज झाली. भूपाळीला चारदोन माणसं हसली. रुसव्याच्या पदाला बायका हसल्या आणि नवऱ्यांकडे बघायला लागल्या. गौळणीला मात्र सभागृह उसळलं. राक्षस समेवर वळला आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी त्याला "वा" अशी मनापासून दाद दिली. मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. अध्यक्षसुद्धा टाळी वाजवून बसले आणि मग ती त्यांनी डास मारल्यासारखी केली.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. आखूड केस, डेनिमचं जाकीट, खांद्यावर पिशवी. मेधा भिंतीला टेकून उभी राहिली. बसली नाही. टिपणिसांनी तिला पाहिलं, आणि कॅसेटवर काही नसलेली धूळ पुसली.

मग शेवटचा प्रसंग सुरू झाला. यानातली सगळ्यात तरुण पायलट, जेमतेम विशीची पोरगी, एका छोट्या यानात बसते. म्हाताऱ्या कॅप्टनच्या मनात नाही, पण तो दार उघडून देतो. ते छोटं यान मोठ्या यानापासून सुटतं आणि काळ्या पोकळीत एकटंच दूर जायला लागतं. आणि गाणं नाही. पेटी नाही, मृदंग नाही, काही नाही. नुसतं चित्र सरकतंय.

लोकांना वाटलं यंत्र बिघडलं. "आवाज, आवाज" असं कुणीतरी म्हणालं. अध्यक्षांनी मला खूण केली. कार्यक्रमाचा जबाबदार माणूस म्हणून मी तत्परतेने स्टेजवर चढलो आणि टेपरेकॉर्डरची वायर उपटून परत खोचली. काही फरक पडला नाही. दुसरी उपटणार, तोच टिपणिसांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं आणि माइक घेतला.

"कॅसेट संपलेली नाही," ते म्हणाले. "या जागेला मला गाणं मिळालं नाही."

मी दुसरी वायर सोडून स्टेजच्या कडेला सरकलो.

"बुवांच्या गाण्यांत मुलगी घराबाहेर पडते ती सासरी जाते, नाहीतर यमुनेवर पाण्याला जाते. ही पोरगी तिच्या कामाला निघालीय. स्वतःच्या मर्जीने. मी तिला पाठवणीचं गाणं लावून पाहिलं, विरहाचं लावून पाहिलं. जुळत नाही. मला वाटलं, सिनेमात चूक आहे." त्यांनी उपरण्याने कपाळ टिपलं. "सिनेमात नव्हती."

त्यांनी माइक खाली ठेवला. दोन्ही टीव्हींवर ते यान लहान लहान होत चाललं होतं. शंभर-दोनशे मराठी माणसं इतकी गप्प बसलेली मी त्याआधी फक्त वर्गणी मागताना पाहिली होती.

मागून आवाज आला. मोठा नव्हता, पण ऐकू आला.

"लीव्ह इट, बाबा. स्पेसमध्ये साउंड नसतोच."

टिपणिसांनी मान वर केली. या गोष्टीचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आवाजाच्या खात्यात वीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी हळूच मान डोलावली, चांगल्या जागेला डोलावतात तशी. मेधा भिंत सोडून मधल्या वाटेने पुढे आली आणि आईशेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून तिथे बसली. यान दिसेनासं झालं. मग आरती झाली.

जेवताना मला वाटलं, आता बाप-लेक गळ्यात पडतील, आणि तो प्रसंग जवळून दिसावा म्हणून मी मसालेभाताचं ताट घेऊन त्यांच्या आसपास फिरत होतो. पण ती दोघं एकमेकांकडे न बघता जेवली. तिने त्यांच्याकडे मीठ सरकवलं, यापलीकडे काही झालं नाही. माझी निराशा झाली. त्या भरात मी दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं.

आवराआवर करून आम्ही बाहेर पार्किंग लॉटमध्ये आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. टिपणिसांच्या गाडीपाशी आवाज चढलेले होते.

मेधाचं म्हणणं होतं, की गौळण साफ चुकली आहे. "ही इज नॉट अ चोर, बाबा. राक्षस 'ही' पण नाही, 'शी' आहे. शी इज अ मदर. ती पिल्लांसाठी खाणं नेते. तिथे पाळणा पाहिजे."

पिल्लं कुठे आहेत, असं टिपणिसांनी दरडावून विचारलं. त्यांनी सिनेमा इतक्या वेळा पाहिला होता, त्यांना एकही पिल्लू दिसलं नव्हतं.

"खालच्या कॉर्नरला. डावीकडे. यू नेव्हर लुक, तुम्ही नुसतं ऐकता."

पाळणा झोपलेल्या माणसांना दिलेला आहे, तो आता काढता येणार नाही, असं टिपणिसांनी ठणकावलं. झोपलेल्यांना भूपाळी दिली आहे, पाळणा कधी दिला, असं ती म्हणाली. झोपायच्या आधी थोडा, असं ते म्हणाले. तो कॅन्सल करा, असं ती म्हणाली. गौळणीला लोक कसे हसले ते ऐकलं नाहीस का? लोक हसले म्हणून बरोबर होतं का, बाबा? टिपणिसांनी बॉनेटवर हात आपटला. तिने पिशवी खाली टाकली. तिचा तावातावाने हात हलवायचा ढंग हुबेहूब त्यांचा. नलिनीवहिनी गाडीत पुढच्या सीटवर मोदकांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि काच खाली करायची त्यांना काही घाई दिसत नव्हती.

एवढ्या कष्टाने जमलेलं सगळं आता या गौळणीपायी विस्कटणार, असं मला दिसायला लागलं. कार्यक्रमाची जबाबदारी माझी होती. दोघांना सांगावं, की अर्धी गौळण आणि अर्धा पाळणा ठेवा, आणि प्रकरण मिटवावं, अशा विचाराने मी बाह्या सरसावून निघालो. दोन पावलंसुद्धा गेलो नसेन, तोच शैलाने मागून माझा सदरा धरला.

"गाडीत बसा मुकाट्याने," ती म्हणाली. "दोन वर्षांनी भांडतायत. भांडू द्या त्यांना पोटभर."